शेवटचा फर्मा

सोमवार, ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला रडू फुटतं, मग तिकडे तू गप्प होतोस आणि दोघांचीही पंचाईत होते. पत्रात तेवढं रडू लपतं.

सोबत एक पुस्तक पाठवते आहे. ती जुनी भुतांची कादंबरी. वस्तूला हात लावला की मालकाच्या मनातलं ओळखणारी बाई बंद बंगल्यात राहायला जाते ना, तीच. लहानपणी तू ती चोरून वाचलीस आणि नंतर किती तरी दिवस एकटा न्हाणीघरात जाईनास. ते बघून मी तेव्हा तिला हातच लावला नव्हता.

दुपारच्या चहानंतर मी ती यांना मोठ्याने वाचून दाखवत असे. यांनी जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम केलं, डोळे पार थकले होते. मी शेवटचं पान आधी वाचते, ही माझी खोड तुम्हा सगळ्यांना ठाऊकच. म्हणून या वेळी यांनी मला शपथच घातली होती, की दोघांनी शेवटाला एकदमच पोचायचं. आणि कादंबरी मध्यावर आली असताना हे गेले.

परवा पुस्तक उघडलं तर पाठ सुटली आणि पानं मांडीत पडली. तू बाइंडर असताना दुसऱ्या कुणाला देऊ? लेक रोज म्हणते, आई, घर बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. पण पुस्तक अर्धं टाकून कशी जाऊ? हे अजून खुर्चीत बसून आहेत, पुढे काय झालं याची वाट बघत. हसू नकोस.

भावजयीला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.
तुझी,
ताई


मंगळवार, १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलो नाही. पुस्तक पोचलं. पाठीचा सरस वाळून भुगा झाला आहे, शिलाईही कुजली आहे. सगळं सोडवून फाटक्या कडांना पातळ कागद लावतो आहे. शिवण्याआधी फर्मे सुटेच असतात. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. तुला धीर निघणार नाही, म्हणून जो फर्मा वाळेल तो पाठवत जाईन. वाचून झाला की परत कर. सगळे आले की एकदम शिवतो.

तुम्ही थांबला होतात त्या पानाच्या कोपऱ्यावर काळपट अंगठा उमटला आहे. पुस्तक मिटून ठेवायचं काम भाऊजींचं असणार. तो डाग मला काढता येतो. काढला नाही.

जेवत जा, ताई. तुझी लेक काळजीत आहे.
आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.
तुझा,
धाकटा


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फर्मे पोचताहेत. चहा करते, दोन कप, समोर खुर्ची, आणि वाचायला लागते. मी वाचायला लागले की भिंतीतल्या पाइपात टकटक होते. थांबले की तीही थांबते. आपलं लक्ष आहे, हे कळवायची यांची जुनी पद्धत होती ती. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायचे.

कादंबरीतली बाई आता त्या बंगल्यात पक्की अडकली आहे. मृतांचं बोलणं तिला जिवंत माणसांपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. तिचं बघून मीही यांचा लिफ्टदुरुस्तीचा पान्हा हातात धरून बसले. हाताला ग्रीस लागलं, बाकी काही कळलं नाही.

शेवटचा फर्मा कधी पाठवतोस? घाई नाही, आपलं विचारलं.
तुझ्यावरची माया कमी होणार नाही, तूही होऊ देऊ नकोस.
ताई


सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

आई मला घाबरवते आहे. रविवारी गेले तर दार आतून लावलेलं. खूप वेळाने उघडलं. अंगावरचे कपडे सैल झालेत, इतकी वाळली आहे. बाबांच्या खुर्चीत मी बसायला गेले तर तिने माझा हात धरून मला बाजूला नेलं आणि म्हणाली, तिथे नको. पुस्तक संपलं की तुझ्याकडे येते, असं म्हणते. मग मामा, ते संपत का नाही? एक फर्मा राहिला आहे म्हणे. पाठवून टाक ना.
तुझी,
भाची


शनिवार, २२ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

फर्मा तयार आहे. माझ्यासमोर फळ्यांच्या दाबात ठेवला आहे आणि तिथेच राहणार आहे. तू ती कादंबरी वाचलेली नाहीस. शेवटी ती बाई बाकीच्यांना बाहेर काढते, दार आतून लावून घेते, दिवा मालवते आणि मृतांजवळच राहते. तुझ्या आईला तो शेवट ठाऊक नाही, भाऊजींची शपथ आहे ना. आतून दार लावून बसलेल्या बाईच्या हातात ही पानं कशी देऊ? माझं धाडस होत नाही. मला माझी एकुलती एक बहीण हवी आहे.

ताईला कळवलं आहे, की फर्मा पाण्यात भिजला, वाळायला वेळ लागेल. तू तिच्याकडे जात राहा.
तुझा,
मामा


रविवार, २ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हातून कागद भिजला, हे मी मेल्यावरसुद्धा खरं मानणार नाही. छत्री नसताना तू अंगातला सदरा काढून पुस्तकांवर घालायचास आणि आईचा मार खायचास. तेव्हा थापा पुरे.

आणि ज्यासाठी थाप मारलीस ते मला ठाऊक आहे. दार, दिवा, सगळं. यांनी शपथ घातली त्याच्या आधीच मी शेवटचं पान वाचून मोकळी झाले होते. यांना बोलले नाही, एवढंच. वाचताना हे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, शेवट ताडायचा म्हणून. मला वाटतं, यांना सगळं कळलं होतं.

पाइपाचं म्हणशील तर वरच्यांचं कपडे धुवायचं मशीन त्याच वेळेला चालतं. लिफ्ट मेकॅनिकच्या बायकोला एवढंही कळत नाही, असं समजू नकोस. तरी टकटक झाली की मी हूं म्हणते.

फर्मा आला नाही, तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरंच वाटलं. मी पानं मुद्दाम सावकाश वाचत होते, झालेली पुन्हा वाचत होते. पुस्तक संपेपर्यंत हे उठणार नाहीत, असं मनाने घेतलं होतं. तू शेवटाला घाबरत होतास आणि मीही, पण माझी भीती निराळी होती. ती बाई आत राहते म्हणून नाही. पुस्तक मिटलं की मला बाहेर पडावं लागेल, म्हणून.

काल लेक आली होती. दाराशी उभी राहून, आत येऊ का, असं विचारलं तिने. आपल्या आईच्या घरात. रात्रभर तेच डोक्यात राहिलं. आज तिला कळवलं आहे, की माझी खोली आवरून ठेव.

पण शेवट मला मोठ्याने वाचता यायचा नाही, रडू फुटेल. तेव्हा फर्मा पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. तुझ्याकडचे बाकीचे फर्मे आणि सुई-दोराही आण, झाल्यावर इथेच शिवून टाक. तो अंगठ्याचा डाग मात्र तसाच राहू दे. चहाच्या वेळेला ये, दार उघडं असेल. तू वाच, मी ऐकते. उजेड खिडकीपाशीच चांगला असतो, तेव्हा यांच्या खुर्चीत बस.

वाट बघते. लोभ काय तो समोरासमोर.
तुझी,
ताई