पहिली चाचणी, अकरा वेळा

मंगळवार, १० मार्च

प्रिय छोट्या,

तुझे चार मेसेज, दोन फोन, आणि त्यावर माझ्याकडून उत्तर म्हणून एक अंगठा. माफ कर. आठ दिवस गप्प राहण्याचं कारण 'धावपळ' असं लिहिणार होते, पण इथे बाबांकडे धावपळ काहीच नाही. बाबा जेवतात, झोपतात, कॉम्प्युटरवर बसतात. मी त्यांची वही वाचते. गुरुवारी त्यांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासणार आहेत, त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. फोनवर ते जमणार नाही. फोनवर तू "जाऊ दे गं ताई" म्हणशील आणि मी जाऊ देईन. म्हणून हाताने लिहिते आहे. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन.

आई गेल्यावर तो शहर वसवायचा खेळ बाबांना तूच आणून दिलास. रस्ते आखायचे, घरं बांधायची, मग माणसं आपोआप राहायला येतात. बाबांनी तीस वर्षं वाहतुकीच्या सिग्नल खात्यात काढलेली. तू तेव्हा म्हणालास, "आता यांना अडवायला वर साहेबच नाही, बघ काय करतात ते." दोन वर्षांत त्यांच्या शहराची वस्ती नव्वद हजारांवर गेली, आणि गेल्या जूनमध्ये खेळ अडखळायला लागला. बस चालता चालता जागच्या जागी गोठायची आणि एकदम पुढच्या चौकात उगवायची. त्यांचा मला फोन आला, "अगं, माझ्या गावाला धाप लागतेय. तू कॉलेजची एवढी कॉम्प्युटर लॅब सांभाळतेस, बापाची एक पेटी बघ की जरा."

लॅबमध्ये पोरांना सांगते तेच मी त्यांनाही सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आकडा वहीत लिहायचा, मगच पुढची. बाबांनी दोनशे पानी वही आणली आणि पट्टी घेऊन रकाने आखले. दर रविवारी सकाळी दहाला फोन ठरला. पहिली चाचणी साधी होती. पडद्यावरचं चित्र बारीक करायचं, कमी तपशिलाचं. ग्राफिक्स कार्ड कमी पडत असेल तर त्याचं ओझं हलकं होऊन खेळ पळायला हवा. आधी सेकंदाला चौदा चित्रं दिसत होती, नंतरही चौदाच. म्हणजे कार्डाचा दोष नव्हता. मग खेळातला वेळ थांबवायचा, माणसं आणि गाड्या आहेत तिथे उभ्या ठेवायच्या आणि आपण नुसतं नकाशावर फिरायचं. आकडा लगेच साठावर. अडत होतं ते नव्वद हजार माणसांपैकी कोणी कुठून कुठे जायचं, हे ठरवण्यात. ते काम प्रोसेसरचं. बाबा म्हणाले, "पण तो तर तीसच टक्के दाखवतोय, निवांत आहे बेटा." मी म्हटलं, त्याचे चार भाग वेगवेगळे उघडून बघा. एक भाग शंभरावर होता, उरलेले तीन जवळजवळ रिकामे. "अगं, हे तर आमचं खातंच! एकटा राबतोय, तिघं सही करून पसार!" आणि मग ओरडले, "चोर सापडला!" त्या दिवशीच्या माझ्या डायरीत आहे : आई गेल्यापासून बाबा असे हसलेले ऐकले नव्हते.

जुलैतल्या एका रविवारी त्यांनी फोन उचलताच सांगितलं की त्यांना एक युक्ती सुचली आहे, चित्र बारीक करून बघायचं. मला वाटलं गंमत करताहेत. मी हसले, तेही हसले, आणि वीस मिनिटांनी चोर पुन्हा सापडला. खात्याचा तोच विनोद, तेच शब्द. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी म्हणाले, "बाबा, हे आपण केलंय." पेटीतला पंखा फिरत होता तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाले, "हो हो. मी पडताळून बघत होतो. चुकलं का काही?" तू प्रगतिपुस्तक दप्तरात लपवायचास आणि आईने बोलावलं की दारातूनच विचारायचास ना, तसं.

त्यानंतर मी ते वाक्य परत उच्चारलं नाही. नुसती गप्प राहिले असं लिहिलं तर तेही अर्धंच खरं. मी मदत करायला लागले. फोन लागला की मीच विचारायची, "बाबा, चित्र बारीक करून पाहिलंत का?" ते म्हणायचे, "नाही गं, डोक्यातच आलं नाही!" पुढचं सगळं मला पाठ होतं. शेवटी मी "वा, बाबा!" म्हणायची. एका रविवारी लक्षात आलं की हे 'वा' गेल्या वेळच्याच पट्टीत निघालं, लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा सांगणाऱ्या बाईसारखं. तरी पुढच्या वेळी म्हटलंच.

आणखी एक. त्या पेटीत बसेल असा जास्त ताकदीचा प्रोसेसर सहज मिळतो. बसवायला अर्धा तास पुरे. मी ऑक्टोबरमध्ये दोन दिवस राहायला आले होते, तेव्हाही तो आणला नाही. का, हे मी डायरीत चार वेळा लिहून खोडलं आहे. तू लगेच घर बंद करून बाबांना घेऊन जाशील ही भीती होती, ते खरं. ते माझ्याच गळ्यात पडतील ही भीती होती, तेही खरं. पण या दोन्हींच्या खाली आणखी एक आहे. मी फोन केल्यावर कुणाला इतका आनंद व्हायचा, असा आठवड्यात तो एकच तास होता. खेळ दुरुस्त झाला असता तर बाबांना विचारायला काही उरलं नसतं. हे लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं. अजून तरी वाटलेली नाही. कदाचित नंतर वाटेल.

नोव्हेंबरमध्ये तू विचारलंस, "ताई, बाबा हल्ली विसरतात का गं?" मी म्हटलं, "वयाच्या मानाने ठणठणीत आहेत." तू "मग ठीक" म्हणालास आणि माझ्या भाच्याच्या शाळेचं सांगायला लागलास. तुझं चुकलं नाही. या बाबतीत तू माझ्यावर सोडलं होतंस.

गेल्या महिन्याच्या बारा तारखेचं तुला मी थोडक्यात सांगितलं होतं, ते आता पूर्ण सांगते. सकाळी ते घरातल्या सपाता घालूनच मोठ्या चौकात गेले आणि दुभाजकावर उभं राहून गाड्या मोजायला लागले. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने त्यांना हाताला धरून बाजूला आणलं. "साहेब, घर कुठलं तुमचं?" बाबांनी न अडखळता पत्ता सांगितला, आईच्या नावाच्या रस्त्यावरचं तिसरं घर. असा रस्ता या शहरात नाही. तो त्यांनी खेळात बांधला आहे. चावीवाल्याला वाटलं म्हातारा परगावचा आहे. तासभर त्याने स्टुलावर बसवून ठेवलं, तेवढ्यात समोरच्या काकू कुलूप दाखवायला गेल्या म्हणून कळलं. काकू मला म्हणाल्या, "चार दिवसांआड चौकात दिसायचे की गं. मला वाटलं पाय मोकळे करायला जातात." तू आलास तेव्हा पहिलाच प्रश्न विचारलास, "असं अचानक कसं काय?" आणि मी म्हटलं, "अचानकच."

वहीत 'पहिली चाचणी' हा मथळा अकरा वेळा आहे. दर वेळी नवं पान, नवे रकाने, तारीख बरोबर. आकडे चौदा, चौदा, तेरा, चौदा. एकही मोजमाप चुकलेलं नाही. खाली दर वेळी : 'निष्कर्ष – प्रोसेसर. ताईला सांगणे.' काही पानांवर पुढच्या चाचण्यांसाठी चौकटी आखून रिकाम्याच सोडल्या आहेत.

आज सकाळी त्यांनी आतून हाक मारली. मी जाऊन खुर्चीमागे उभी राहिले. आजवर हे सगळं मी फोनवरच ऐकलेलं, त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. शंभराचा आकडा दिसला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या, तोंड थोडं उघडं राहिलं, आणि ते माझ्याकडे वळले. मी "वा" म्हणाले नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "अगं, बोल की, बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "बरोबर आहे बाबा. अगदी बरोबर." मला काहीतरी वाटेल म्हणून मी जरा वेळ तिथेच थांबले. मग कुकर लावायला गेले.

आता हे पत्र कशासाठी, ते. दवाखान्यातला फॉर्म तू भरलास. 'लक्षणे केव्हापासून' या ओळीपुढे पेन थांबवून तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी म्हटलं, "दोन आठवडे." तुझ्या अक्षरात तेच तिथे आहे. डॉक्टरीणबाई तुला पुढे म्हणाल्या ते आठवतं? दोन आठवड्यांत माणूस इतका घसरला असेल तर कारण वेगळं असू शकतं, मेंदूला सूज किंवा जंतुसंसर्ग, म्हणून घाईने सुई घालून पाणी काढायचं. ती घाई माझ्या दोन शब्दांवर उभी आहे. खरं उत्तर 'गेल्या जुलैपासून' असं आहे. कदाचित ते कळल्यावरही त्या म्हणतील की तपासणी लागेलच. ते त्यांनी ठरवावं, पण खऱ्या तारखेवरून ठरवावं. गुरुवारी तू येशील तेव्हा तुला हे आधीच माहीत असायला हवं, आणि फॉर्मवरची खाडाखोड तुझ्या अक्षरावर होणार आहे, तेही. चिडलास तर चीड. 'जाऊ दे' एवढं मात्र म्हणू नकोस.

तुझीच,
ताई

उद्या : नऊ वाजता दवाखाना उघडताच डॉक्टरीणबाईंना भेटून 'दोन आठवडे' खोडून घेणे.