आयोवातला देवमासा

डी मॉइन, आयोवा
नोव्हेंबर, पानं गोळा करण्याचे दिवस

ऑर्व्हिलदादास,

साष्टांग घातला असता, पण हल्ली खाली वाकलो की उठवायला मार्लिसला हाक मारावी लागते, तेव्हा उभ्यानेच नमस्कार घे. तुझा नवा गुडघा काय म्हणतो? (जुन्याची चौकशी करण्यात आता अर्थ नाही.) तिकडे अ‍ॅरिझोनात या दिवसांतही अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून हिंडतोस, असं तुझ्या सूनबाईने कळवलं. हिंड बाबा. आमच्या पन्हळीत पानं अडकली आहेत आणि मी शिडीवर चढायचं नाही असा घरातून हुकूम आहे. उभा जन्म लोकांची छपरं घालण्यात गेला, आणि आता स्वतःच्या छपराकडे अंगणातून मान वर करून बघतो. बाकी आम्हा दोघांच्या प्रकृती वयाला शोभतील अशा आहेत.

पत्राला कारण हॅलोविन. तुला वाळवंटात जाऊन इतकी वर्षं झाली की इथली रीत विसरला असशील, म्हणून आठवण देतो. साऱ्या देशात पोरं एकतीस ऑक्टोबरला सोंगं घेऊन दारोदार फिरतात. आपल्याकडे मात्र तीसला. का, ते विचारू नये. मी एकदा वडिलांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, "गप जेव." शिवाय आपल्याकडे नुसती पिशवी पुढे केली म्हणून गोळी मिळत नाही, आधी विनोद सांगावा लागतो. पोर्चवरचा दिवा लागलेला असेल त्या दारी जायचं, अंधार असेल ते दार सोडायचं. या विनोदांच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझं दार सर्वांत कडक समजलं जातं. म्हणजे चॉकलेट मी सगळ्यांना देतो, पण हसत नाही. कोपऱ्यावरच्या हॅवरकॅम्पांची टेसा (वय नऊ, यंदा दातांच्या डॉक्टरचं सोंग, आणि पिशवी गोडानं फुटायला आलेली) हिने तर मला हसवण्याचा विडाच उचलला आहे. यंदा तिने विचारलं, भुतं जिना का चढत नाहीत? मी म्हटलं, का? तर म्हणते, "भिंतीतून जाता येत असताना गुडघे कोण झिजवेल?" दादा, मला तुझी आठवण आली, पण मी हसलो नाही. ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आजोबा, ओठांचा डावा कोपरा हलला. मी पाहिला." असल्या पोरांपुढे म्हातारपण निभावणं सोपं नाही.

असो. मुद्दा शेजारणीचा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या समोरच्या घरात लोर्ना क्लाइन नावाच्या बाई राहायला आल्या. सत्तरीच्या आसपास, पेनसिल्व्हेनियाच्या, हाताची बोटं सुतारासारखी. मुलीच्या जवळ राहायचं म्हणून तिकडचं सगळं विकून इथे घर घेतलं, आणि सामानाची खोकी फोडून होतात न होतात तोच मुलीची बदली सिअ‍ॅटलला झाली. (ज्या गावात आपलं कुणी नाही त्या गावात घर घेऊन बसणं म्हणजे काय, ते तूच कल्पना कर.) बाई रडल्या नाहीत. कुंपणाशी उभ्या राहून मार्लिसला एवढंच म्हणाल्या, "पोरं दारात येतात तेच गाव आपलं, असं माझी आई म्हणायची. हॅलोविनला दार वाजलं तर राहीन. नाही वाजलं तर वसंतात घर विकेन आणि परत जाईन." त्या दिवसापासून त्यांच्या गॅरेजचं दार बंद आणि आत करवतीचा आवाज सुरू.

आणि दादा, तीस तारखेला साऱ्या गल्लीत दिवे, आणि क्लाइनबाईंच्या पोर्चवर अंधार. पोरं रीतीप्रमाणे ते घर सोडून पुढे गेली. मी खिडकीतून बघून म्हटलं, बाई कवडीचुंबक निघाल्या. मार्लिस म्हणाली, "तू गप बस," पण तिचाही चेहरा पडला होता. दुसऱ्या दिवशी अंधार पडताच समोर लखलखाट झाला तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. बाई एकतीसची वाट बघत होत्या. आदल्या संध्याकाळी पोरं दारावरून जात होती तेव्हा त्या मागे गॅरेजमध्ये करवत चालवत होत्या. त्यांना तारीख कुणी सांगितलीच नव्हती. मला वाटलं मार्लिसने सांगितली असेल, मार्लिसला वाटलं चर्चमधल्या बायकांनी, आणि खरं म्हणजे कुणाला काहीच वाटलं नव्हतं. पाहुणा आला म्हणून सूर्य कुठून उगवतो ते आपण त्याला सांगतो का?

आता समोर काय होतं ते सांगतो. देवमासा. समुद्र जिथून दोन्ही बाजूंना हजार मैल लांब त्या आयोवात, पोर्चच्या पायरीपासून दारापर्यंत अख्खा देवमासा. फ्रिजच्या खोक्यांचं अंग, पिंपांच्या कड्यांच्या बरगड्या, त्यांना आतून निळे दिवे, आणि दोरी ओढली की जबडा वर जायचा, सोडली की हळूच मिटायचा. पाठीवर छपराचा डांबरी कागद असा एकावर एक चढवलेला की पावसाचा थेंब आत जाणार नाही. (हे काम मी किती पोरांना शिकवलं आणि निम्म्यांना कधी जमलं नाही. माझ्या हाताखाली ही बाई असती तर मी आज श्रीमंत असतो.) आत पोटात, नावाड्याचा पिवळा रेनकोट घालून, मांडीवर मक्याच्या लाह्यांच्या लाडवांची टोपली घेऊन क्लाइनबाई एकट्या बसल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला ते बघवेना.

मार्लिस म्हणाली, "जा आणि सांग तिला."

"मीच का?"

"तुला कधी कुणी हसताना पाहिलं नाही. वाईट बातमी तुझ्याच तोंडी शोभते."

गेलो. अंगात बागकामाची मळकी डांगरी, हातात पानांची बादली. (बादली का नेली ते देव जाणे, हात रिकामे असले की मला बोलता येत नाही.) मी पायरीवर पाय ठेवला तसा जबडा वर गेला आणि आतून बाई म्हणाल्या, "या, या. पहिले तुम्हीच. कुणाचं सोंग घेतलंत?" दादा, बातमी माझ्या ओठांवर होती. पण त्या निळ्या उजेडात त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघालं, "शेतकरी." त्या म्हणाल्या, "छान जमलंय. पण इथे आधी विनोद सांगावा लागतो असं ऐकते." माझ्यावर असा प्रसंग कधी आला नव्हता. मी आयुष्यभर विनोद तपासले, सांगितला एकही नाही. म्हटलं, एकदा एक गाय बँकेत गेली. एवढं म्हटलं आणि पुढचं आठवेना. बाई वाट बघत होत्या. "मग?" मी म्हटलं, मग काही नाही, परत आली. त्या बरगडीला धरून इतक्या हसल्या की वरचा दिवा हलला. मी लाडू बादलीत टाकला आणि थेट हॅवरकॅम्पांचं घर गाठलं.

टेसा झोपायच्या कपड्यांत जमिनीवर बसून आदल्या दिवशीची लूट रंगांप्रमाणे लावत होती. मी सगळं सांगितलं. तिने एक गोळी दुसऱ्या ढिगात सरकवली आणि विचारलं, "त्यांना माहीत नाही?"

"नाही."

"आणि सांगायचंही नाही?"

"नाही."

"कालचे विनोद चालतील?"

"त्यांनी ऐकलेले नाहीत."

"मग सोपं आहे," असं म्हणून ती उठली आणि आईचा फोन घेऊन बसली. कुणाशी काय बोलली ते मला कळलं नाही, पण थोड्याच वेळात गल्लीतली दारं एकेक करून उघडू लागली आणि सगळ्यांच्या पोर्चवरचे दिवे पुन्हा लागले, म्हणजे बाईंना संशय नको. आदल्या दिवशी अंतराळवीर असलेल्याचं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण फाटलं होतं, तो चादर गुंडाळून भूत झाला. राजकन्येचा झगा धुवायला गेला होता, ती भावाचे बूट घालून पोस्टमन झाली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते आईबापांचे कोट घालून आईबाप झाले, आणि ते सगळ्यांत भयानक दिसत होते. एकेकजण जबड्यात शिरायचा, विनोद सांगायचा, जबडा मिटायचा, आतून बाईंचं हसू ऐकू यायचं, आणि पोरगं लाडू घेऊन बाहेर पडायचं आणि लगेच रांगेच्या शेवटी उभं राहायचं. एकच बाका प्रसंग आला. चार वर्षांचा एक भोपळा मोठ्याने म्हणाला, "पण काल आपण", तेवढ्यात त्याच्या बहिणीने त्याच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. मी रस्त्याच्या कडेला बादली घेऊन उभा होतो. दादा, मला या पोरांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. एवढीशी माणसं, पण एकानेही चूक केली नाही, एकानेही मोठेपणा मिरवला नाही. मला फार बरं वाटलं, आणि हे मी तुलाच लिहू शकतो.

मार्लिस तुला आठवण सांगते. गुडघा जप, आणि उन्हात टोपी घाल.

तुझा धाकटा,
डेल्मर

ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं. ती गाय बँकेत का गेली होती? विनोद तुझाच आहे, तू जेवताना सांगायचास आणि वडील तुला उठवून बाहेर घालवायचे, म्हणून शेवट मी कधी ऐकलाच नाही. टेसाच्या टोळीला ही गोष्ट कळली आहे आणि ती पोरं रोज शाळेतून येताना माझ्या दारात थांबून शेवट विचारतात. उलट टपाली कळव.

ता. क. दुसरा. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. आज सकाळी क्लाइनबाईंकडे, त्यांनी उरलेले लाडू घालून पाठवलेलं ताट रिकामं करून परत द्यायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "डेल्मर, मला एकतीसला दुपारीच कळलं होतं. दुकानातली मुलगी म्हणाली, हॅलोविन काल झालं, विनोद ऐकलेत का?" मी म्हटलं, मग दिवे का लावलेत? म्हणाल्या, "एवढा केलाय तर एकदा पेटलेला बघते आणि मोडून टाकते, असं ठरवलं होतं. तेवढ्यात तुम्ही बादली घेऊन आलात आणि म्हणालात, शेतकरी. मला वाटलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत असावा, याला अडवू नये." (हे मार्लिसला कळवू नकोस. पोरांना तर नाहीच नाही.) मी धीर करून विचारलं, मग घर विकायचं काय ठरलं? त्या मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. दलालाने आणून दिलेली 'विकणे आहे' ची पाटी करवतीखाली अर्धी कापून पडली होती. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी याला शेपटी लावायचीय. लाकूड कमी पडत होतं."