सर्व्हरचा सर्वेसर्वा

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे रेकॉर्ड हवं. पद अजून कागदावर नाही. सुहासिनी मॅडम एवढंच म्हणाल्या, "बघा अंबादास, जमतंय का." म्हणजे झालंच की. बोरीवलीच्या या आर्किटेक्ट ऑफिसात तेवीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. वय छप्पन्न. कॉम्प्युटर यूट्यूबवर बघून शिकलो, पण पाया पक्का.

योजना : कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर लिनक्स, तोच आपला सर्व्हर. बाकी आठ मशीन विंडोज. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये सांबा नावाचा दुभाष्या. सगळे नकाशे एका जागी. पेन ड्राइव्ह बंद. एका आठवड्याचं काम. खरं तर तीन दिवसांचं.

४ मार्च
सांबा टाकला. कोणालाच काही दिसत नाही.

५ मार्च
दिसायला लागलं. उघडत नाही. चूक विंडोजची.

७ मार्च, शुक्रवार
उघडतं, पण सेव्ह होत नाही. श्वेता दिवसभर "दादा, परमिशन डिनाइड येतंय ना" करत होती. श्वेता आमची ज्युनियर आर्किटेक्ट. पोरगी हुशार, पण धीर नाही. दहिसरच्या नवचेतना सोसायटीचं रिडेव्हलपमेंट तिच्याकडे आहे. मेंबरांनी बदल सुचवलेत, तीन आठवडे खपून नकाशे नव्याने काढतेय. तिला सांगितलं, सिक्युरिटी म्हटलं की थोडा त्रास होणारच. ती म्हणाली, सिक्युरिटी चोरापासून असते, माझ्यापासून कशाला?

घरी रुचिराने विचारलं, या कामाची ऑर्डर दिलीय का तुम्हाला? बायकोला टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.

१२ मार्च
तोडगा सापडला. सगळ्यांना सगळ्या फाइलींची सगळी परवानगी दिली. झकास चाललंय. मॅडम म्हणाल्या, "आता चालतंय ना? मग हात लावू नका." तेवीस वर्षांत इतकी मोठी शाबासकी पहिल्यांदाच.

नोटीस लावली : आपापल्या मशीनवर एकही फाइल ठेवायची नाही. सर्व्हर हेच घर. रोज दुपारी एकला बॅकअप आपोआप होतो. सर्व्हरवर जे आहे त्याची हुबेहूब नक्कल. मीच बसवलाय.

१७ मार्च, सोमवार
श्वेता दोन दिवस साइटवर. निवांतपणा. सर्व्हरची साफसफाई केली. नवचेतनाची दोन फोल्डर निघाली, एक कॅपिटल अक्षराचं, एक छोट्या. लिनक्सला ती वेगळी दिसतात, विंडोजला फरकच कळत नाही. अडाणी. कॅपिटलवालं मीच सुरुवातीला नियमाप्रमाणे बनवलेलं, ते ठेवलं. छोटं उडवलं. जागा मोकळी झाली. श्वेताला फोन करून सांगितलंसुद्धा, तुझ्या प्रोजेक्टचा पसारा आवरला म्हणून. साइटवर मशीन धडधडत होती. ती "बरं बरं" म्हणाली.

१९ मार्च
श्वेता परत. नवचेतनाचे नवे नकाशे नाहीत. फक्त जानेवारीतले जुने आहेत. ती पांढरीफटक. मी शांत. म्हटलं, बॅकअप कशासाठी असतो?

दुपारी तीन : बॅकअपमध्येही नाहीत. सर्व्हरवर जे नाही ते बॅकअपनेही काढून टाकलं. हुबेहूब नक्कल. बॅकअपच्या बाजूने बघितलं तर काम चोख आहे.

श्वेताने आठवून आठवून पुन्हा काढायला घेतलेत. रविवारी सोसायटीची मीटिंग.

२३ मार्च, रविवार
मीटिंग. वाट लागली.

बदल अर्धेच झालेले, म्हणून मॅडमनी जानेवारीचे नकाशे लावले. पुढच्या रांगेत सीताराम काका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जुने मिल कामगार. आजारी बायकोसाठी त्यांनी जिन्याजवळची खोली मागितली होती, श्वेताने बसवून दिली होती. काका उठले, नकाशाला नाक लावून बघितलं. "माझी खोली खंय आसा?" बोट फिरवत न्हाणीपर्यंत आले. "ह्या नकाशात तुमी माका न्हाणीत निजवलात." लोक हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, तीनदा तुमच्या हापिसात आलो, या पोरीने लिहून घेतलं, आता बायकोला काय सांगू?

सेक्रेटरी धोंडिराम म्हणाले, आम्ही दुसरा आर्किटेक्ट बघतो.

२४ मार्च
मॅडमनी सगळ्यांना बोलावून विचारलं, फाइली कोणी उडवल्या? मी परखडपणे सांगितलं, सर्व्हर असं आपणहून करत नाही. विंडोजच्या बाजूने कोणाचा तरी हात लागला. त्या फोल्डरमध्ये काम श्वेताच करत होती. कोणावर आरोप नाही. चुका माणसाकडूनच होतात.

श्वेता माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मॅडमना म्हणाली, "असेल. माझ्याकडूनच झालं असेल."

कबूल केलं ते बरं झालं. मन हलकं झालं असेल तिचं.

२८ मार्च, शुक्रवार
श्वेताचा शेवटचा दिवस. मी मोठ्या मनाने सगळ्यांसाठी समोसे मागवले. तिने अर्धा खाल्ला. जाताना माझ्या टेबलाशी थांबली, "दादा, जपून राहा." काय जपायचं ते बोलली नाही.

२ एप्रिल, बुधवार
मॅडमनी अंधेरीहून देवेश नावाचा कॉम्प्युटरवाला बोलावला, फाइली परत मिळतात का बघायला. मला न विचारता. त्याने विचारलं, सर्व्हरवर लॉगिन कोण कोण करतं? मी अभिमानाने सांगितलं, फक्त मी. पासवर्ड दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही.

त्याने दोन ओळी टाइप केल्या. दिलेल्या सगळ्या कमांड एकाखाली एक आल्या. तारीख, वेळ, फोल्डरचं नाव. सतरा मार्च. देवेशने स्क्रीन मॅडमकडे वळवली.

मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या. फाइली परत येणार नाहीत, एवढं देवेश म्हणाला.

३ एप्रिल
सर्व्हर देवेशकडे. माझ्याकडे पत्रव्यवहार.

यूट्यूबवरच्या त्या व्हिडिओत कॅपिटल-स्मॉलचं नीट सांगितलेलंच नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार
श्वेताला फोन केला. सगळं मोकळेपणाने सांगायचं ठरवलं होतं. आधी हवापाण्याचं बोललो. मग म्हटलं, ते फोल्डर, बहुतेक, माझ्याकडून.

ती म्हणाली, "माहीत होतं, दादा. तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत की."

मग बोलली का नाहीस?

"मला अंधेरीला दुसरी नोकरी लागलेली होती, मी जाणारच होते. तुमची दोन वर्षं राहिलीत ना. या वयात तुम्हाला कोण घेणार?"

मी म्हटलं, तसं काही नाही गं, आजकाल लिनक्सवाल्यांना खूप मागणी आहे. दोन-तीन जण मागेच लागलेत.

"हो दादा," म्हणाली. "लागले असतील."