नाव मी सोमाजीभाऊचं घेतलं

८ जानेवारी, बुधवार

फिरत्या दवाखान्याची गाडी आज पुन्हा दुकानात. ट्रॅक्टरनं ओढून आणली. फोर-बाय-फोर गाडी, नाल्यातून, गोट्यांवरून बिनतक्रार जाणारी. बंद पडते एका रिलेपायी. डिझेल पंपाला करंट देणारा स्विच, आगपेटीहून लहान. पाऊण तास गाडी चालली की असा तापतो की बोट लावता येत नाही. मग पंप बंद, गाडी बंद. थंडा झाला की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

डिसेंबरात जुना रिले गेला म्हणून मीच नवा टाकला होता. तेव्हापासून हे तापणं सुरू. आज आणखी एक नवा टाकला.

ड्रायव्हर सोमाजीभाऊ मडावी बाजूलाच उभे. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेत अकरा वर्षं. म्हणाले, "विलास, रिले नाई गा जात आपल्या मनानं. त्याले कोणीतरी जाळून राह्यलं. कोन, ते पाय."

दोन गिऱ्हाईकं ऐकत होती. मला राग आला. वीस वर्षं कुरखेड्यात गाड्यांचं वायरिंग करतो, आता ड्रायव्हर मला शिकवणार.  बोनेट जोरात आपटलं.

११ जानेवारी

गाडी काल परत बंद पडली. आज दुकानात संस्थेचे व्यवस्थापक सर, डॉक्टरबाई, नर्स सुनंदाबाई, सगळेच. सरांनी सरळ विचारलं, "विलासभाऊ, तीन वेळा झालं. नेमकं कारण काय?"

मला माहीत नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं. माहीत नाही, दोन दिवस गाडी ठेवा, शोधतो. जीभ वळली नाही. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

माझी नजर बंपरवरच्या फोकस लाइटवर गेली. हत्ती या भागात उतरल्यापासून सो.भाऊंनी स्वतः आणून लावलेला. संध्याकाळी कॅम्पवरून येताना वळणावर हत्ती दिसायला हवा म्हणून.

मी म्हणालो, "बाहेरून असा लोड टाकला की रिले तापणारच. हे कोणी लावलं?"

"मी लावलं," सो.भाऊ म्हणाले. "पण त्याची लाइन येगळी हाय. बॅटरीवरून सीधी, फ्यूज टाकून."

"भाऊ, करंट का धानाच्या बांधीतलं पाणी आहे, आपापल्या पाटानं जाते?"

लोक हसले. सरसुद्धा. सो.भाऊ हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोकसची तार हातात धरून दाखवू लागले, इथून इथी, इथून इथी. कोणी वाकून पाहिलं नाही. मी तर नाहीच.

फोकस काढून टाकला. वायर कापताना दिसलं. लाइन खरंच वेगळी होती. सफाईनं केलेली, टेपही नीट गुंडाळलेली.

दिसलं, आणि तरी कापत गेलो.

१५ जानेवारी

संस्थेनं सो.भाऊंकडून गाडीची चावी काढून घेतली. 'परवानगीविना गाडीत वायरिंग केलं.' काम कंत्राटावरचं, त्यामुळे नोटीस वगैरे काही नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच. वडशाकडचा राकेश म्हणून नवा ड्रायव्हर घेतला.

सरांचा फोन, "तुमच्यामुळे निदान कारण तरी कळलं."

मी म्हटलं, "कामच आहे आपलं."

हे इथे लिहून ठेवतो. असं म्हटलं मी.

१७ जानेवारी

माझी बायको कल्पना बाजारातून आली. म्हणाली, लोक म्हणतात सोमाजीभाऊ दवाखान्याच्या बॅटरीवरून आपली कामं चालवत होते. लाइटचं सामान तिथलंच होतं म्हणे. मी म्हटलं, लोकांना काय, काहीही बोलतात.

ती म्हणाली, "तुम्ही त सांगतलं ना संस्थेवाल्याइले, त्याच्याच लाइटनं जळलं म्हणून?"

जेवण अर्धं राहिलं.

२२ जानेवारी, बुधवार

फोकस नाही, सो.भाऊ नाहीत, आणि गाडी बंद पडलीच. नाल्याच्या पलीकडे, जंगलात. मोबाइलला टॉवर नाही. आज लसीकरणाचा कॅम्प होता. डॉ.बाई आणि सुनंदाबाई लसीचा डबा आळीपाळीनं खांद्यावर घेऊन पाच किलोमीटर चालत गेल्या. वाटेत हत्तीचं ताजं शेण. पोचल्या तेव्हा दुपार टळलेली. तीन टोल्यांवरच्या, म्हणजे पाड्यांवरच्या बाया सकाळपासून लेकरं घेऊन बसल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच उठून गेल्या होत्या. धानाचं चुरणं, मळणी चालू आहे, किती वेळ बसतील.

हे सगळं सुनंदाबाईंनी सांगितलं. गाडी ओढून आणली तेव्हा त्या सोबत होत्या. पायातल्या चपलेचा पट्टा सुतळीनं बांधलेला. म्हणाल्या, "सोमाजीभाऊ असते त ओला फडका ठेवून वीस मिनटात चालू केली असती. या पोराले काय मालूम, कुठी फडका ठेवायचा त."

म्हणजे सो.भाऊ महिनाभर तसंच, रिले थंडा करून करून चालवत होते. माझ्या कामाला फडका लावून.

गाडी ठेवून घेतली. दोन दिवस मागितले. जे अकरा तारखेला मागायचे होते, ते.

२४ जानेवारी

सापडलं.

काल सकाळपासून दुकानाचं शटर अर्धं खाली. आधी पंप किती करंट ओढतो ते मोजलं. सात अँपिअर. बरोबर आहे, रिले त्याच्या चौपट सहज झेलतो. म्हणजे लोड जास्त नाही. पंपाची अर्थिंगची तार पाहिली, चांगली. मग पंपाजवळ व्होल्टेज पाहिलं तर कमी. मध्ये कुठेतरी खातंय. मागे मागे येत गेलो. रिलेच्या एका पायापासून, तो पाय ज्या खाचेत बसतो तिच्यातून निघणाऱ्या तारेपर्यंत, अंतर बोटभर नाही, तिथं दीड व्होल्ट जिरत होता. तिथंच ती सगळी गरमी.

रिले उपसला. रिले ज्यात बसतो त्या सॉकेटची ती एक खाच तपकिरी झालेली, प्लॅस्टिक वितळून ओघळलेलं. आतली पितळी पट्टी फाकलेली. रिलेचा पाय तिच्यात सैल हलत होता. पकडच नाही. पकड नाही म्हणून ठिणगी, ठिणगी म्हणून उष्णता, उष्णतेनं पट्टी आणखी सैल. नवे दहा रिले टाकले असते तरी दहाही तापले असते.

बाकीच्या तीन खाचा घट्ट. ही एकच का फाकली?

स्टुलावर बसलो आणि आठवलं. डिसेंबर. याच खाचेत करंट येतो का पाहायचं होतं. मीटरची बारीक सुई असते त्यासाठी. ती घेतली, पण खाच दिसेना. सुई इकडे जाई, तिकडे जाई. वर्षभरापासून जवळचं धूसर दिसतं, कोणाला सांगितलं नाही. दुकानात राकेलवाल्या डब्याजवळ दोघेजण उभे होते, त्यांच्यासमोर चाचपडायला नको म्हणून जाडी टेस्टर घेतली आणि दाबून घुसवली. घट्ट गेली. जोर लावला. करंट आहे म्हणून खूशही झालो.

तीच टेस्टर आज पुन्हा त्या जळक्या खाचेत घालून पाहिली. बरोबर बसली. माझ्याच मापाची खाच.

त्याले कोणीतरी जाळून राह्यलं. कोन, ते पाय.

२५ जानेवारी

नवी पट्टी, नवं सॉकेट टाकलं. राकेशला घेऊन सव्वा तास गाडी फिरवली, चढावर, लो गिअरमध्ये. उतरून रिलेला बोट लावलं. कोमट.

सर आले. "काय होतं मग?"

"सॉकेट गेलं होतं."

"जुना माल," ते म्हणाले. मी मान हलवली. खोटं बोललो नाही. खरंही नाही. चहा मागवला त्यांनी, मी प्यायलो. राकेश म्हणाला, "काका, तुमच्यासारखा कारागीर नाई इकडं." तेव्हा उठून मागे हात धुवायला गेलो. हात स्वच्छ होते.

२८ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. गाडी रोज जाते. रोज दुकानावरून जाताना राकेश हॉर्न देतो. मी खाली पाहून काम करतो.

३० जानेवारी

कल्पनाला सांगितलं. सगळं, डोळ्यांचंही. वाटलं होतं समजावेल, होतं असं म्हणेल. ती भाजी निवडत होती, थांबली नाही.

"मले काऊन सांगून राह्यले?" म्हणाली. "माझी चावी काढली का कोणी?"

१ फेब्रुवारी

सो.भाऊंच्या गावी गेलो. मोटारसायकल पाराजवळच ठेवली, पुढे पायी. का ते माहीत नाही. आवाज करत जाववेना.

ते खळ्यावर होते. दुसऱ्याच्या खळ्यावर, धानाची पोती शिवत. मला पाहून "जोहार" म्हणाले, नेहमीसारखं. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, तांब्या खाली ठेवला, हातात दिला नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. खाच, टेस्टर, डोळे. फोकसची लाइन वेगळी होती ते कापताना दिसलं होतं, तेही. ते सांगायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं. पण ते नाही सांगितलं तर आलोच कशाला.

सो.भाऊ सुतळी ओवत होते. एक पोतं शिवून झालं. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं, सॉकेट असन म्हून. हात लावला का खालून जास्त गरम लागे."

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो त. तू बोनेट आपटलं."

मी माफ करा म्हणालो. दोनदा. त्यांनी पोतं ओढून बाजूला केलं.

"विलास, तूनं माझं नाव इथी येऊन नाई घेतलं. चार लोकाइसमोर घेतलं. हसवलं तूनं त्याइले. आता हे खळ्यावर माझ्या कानात सांगून राह्यला. माझ्या पोरीच्या सासरपर्यंत गेली ते गोष्ट, का बाप सामान चोरते म्हून."

त्यांनी सुतळी दातानं तोडली.

"जितकं मोठ्यानं तवा बोलला, तितकंच मोठ्यानं आता बोल. मंग पाहू."

त्यांची बायको मागून काहीतरी गोंडीत बोलली. मला ते शब्द कळले नाहीत. कळायची गरजही नव्हती.

३ फेब्रुवारी

सरांना फोन लावला. उद्या मीटिंग आहे का, विचारलं. आहे. मी येऊ का? कशाला? काम आहे.

दुपारभर पाठ करत होतो, शाळेतल्यासारखं. पहिलं वाक्य बसत नाही. 'माझ्याकडून एक चूक' म्हटलं की फारच लहान वाटतं.

सो.भाऊंनाही निरोप पाठवला, या म्हणून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

संस्थेच्या ऑफिसच्या पडवीत नऊ-दहा जण. डॉ.बाई, सुनंदाबाई, राकेश, औषधं वाटणारे, सर खुर्चीवर. सो.भाऊ आले होते. आत बसले नाहीत, पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिले. धुतलेला पांढरा शर्ट.

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "रिले सोमाजीभाऊच्या लाइटनं जळला नव्हता. मी जाळला." मग पूर्ण सांगितलं. जळकं सॉकेट सोबत नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. कोणी हात लावला नाही, फक्त राकेशनं उचलून आत पाहिलं.

सुनंदाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्या पायांकडे. पाच किलोमीटर.

सर म्हणाले, "तुम्ही पंचवीस तारखेला मला हे सांगितलं नाही."

"नाही."

"चहा पिऊन गेलात."

"हो."

डॉ.बाईंनी विचारलं, "मग आता सोमाजीभाऊंचं काय? उद्या बुधवार आहे. गाडीवर कोण जाणार?"

सर कागद नीट करत म्हणाले, तसं एकदम होत नाही. राकेशचं कंत्राट मार्चपर्यंतचं. वरून विचारावं लागेल. राकेश मान खाली घालून बसलेला. त्याचा यात काय दोष? आणखी एक माणूस माझ्यामुळे अडचणीत. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी म्हटलं, "सर, काहीही करा, पण भाऊंना परत घ्या. मी हात जोडतो."

तेव्हा सो.भाऊ पहिल्यांदा बोलले. माझ्याशी नाही, सगळ्यांशीच.

"मले परत यायचं हाय का, हे विचारलं का कोणी?"

कोणी नव्हतं विचारलं. सरांनी नाही, बाईंनी नाही. मीही नाही. खळ्यावर तासभर उभा होतो, माझं माझंच सांगत होतो.

डॉ.बाई घाईनं म्हणाल्या, "भाऊ, यायचं आहे ना?"

सो.भाऊंनी अंगणात उभ्या गाडीकडे पाहिलं. एक टायर कमी हवेचा होता, मलाही दिसला. "मांगचा डावा टायर पाय," राकेशला म्हणाले. मग चपला घातल्या, सगळ्यांना जोहार केला. माझ्याजवळून जाताना किंचित थांबल्यासारखे वाटले. की चप्पल नीट करत होते.

फाटकापर्यंत मागे गेलो. म्हटलं, "भाऊ, सोडून देऊ का गावापर्यंत?"

"सायकल हाय," म्हणाले.

राकेश पंप घेऊन मागच्या चाकाशी बसला होता. मी परत येऊन त्याच्याजवळ उभा राहिलो.