उसन्या गाई

आबा, परवानगी मिळाली. मिळून चार महिने झाले, पण तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं. कसली परवानगी, असं विचाराल, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि निवृत्तीनंतर काय करायचं हा विचारही डोक्यात नव्हता. आता मी आपल्या कोल्हापुरातल्या एका छोट्या चित्रसंग्रहालयाची मानद सचिव आहे. मानद म्हणजे कामं सगळी आणि खुर्ची एकच, तीही डुगडुगणारी. त्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात सध्या हॉलंडहून आलेली नऊ चित्रं लागली आहेत. सगळी गाईंची. ओल्या कुरणात उभ्या असलेल्या, गोठ्यात रवंथ करणाऱ्या, एका चित्रात तर पाठमोरी गाय आणि तिच्या पोटाला डोकं टेकून धार काढणारी बाई. काल रविवार होता, रांग फाटकाबाहेर, पार रसाच्या गाड्यापर्यंत गेली होती. मी काही काम नसताना रांगेच्या कडेनं दोनदा चालून आले. एवढी मिजास मला या वयात शोभते का, माहीत नाही. पण केली.

दोन वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या एका लहान गावातल्या संग्रहालयाच्या प्रमुख बाई इकडे फिरायला आल्या होत्या. आमचं संग्रहालय त्यांनी अर्ध्या तासात पाहिलं, आणि मग बाहेर रस्त्यावर दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल बघत पाऊण तास उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, आमच्याकडे गाईंची जुनी चित्रं आहेत, ती तुमच्या गावानं बघायला हवीत. मला वाटलं, सौजन्य म्हणून म्हणाल्या असतील. पण त्यांनी खरंच पत्रं लिहिली, मीही लिहिली. आता आबा, परदेशातलं चित्र आपल्याकडे नुसतं दाखवायला आणायचं म्हटलं तरी सरकारची मंजुरी लागते. ते विकणार नाही, ठरल्या मुदतीत परत पाठवू, असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे मग त्यावर सीमाशुल्क लागत नाही. आमच्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत मान हलवली. "बाई, असल्या परवानग्या मुंबई-दिल्लीवाल्यांना. आपल्याला कोण विचारतंय?" हॉलंडच्या बाईंनी शेवटची तारीख दिली होती. तोवर मंजुरीचा कागद पोहोचला नाही तर चित्रं दुसऱ्या देशात जाणार होती. आणि अध्यक्षांनी मला वेगळी तारीख दिली होती, खरं म्हणजे तीच तारीख. ती उलटली की मोठं दालन साड्यांच्या सेलला कायमचं भाड्यानं द्यायचं. मी चौथीत असताना तुम्ही मला ज्या दालनात पहिल्यांदा चित्र दाखवायला आणलं होतं, ते दालन. त्यातल्या चित्राखालचं नाव तुम्हीच मला बोट ठेवून वाचायला लावलं होतं.

मी अर्ज लिहिला. दोन दिवस खपून लिहिला. हॉलंडहून आलेल्या सगळ्या कागदांवर इंग्रजीत "लोन" असाच शब्द होता, लोनचा करार, लोनची मुदत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी माझ्या हातचा मळ, आणि मराठी पत्र म्हटलं की मला जरा जड लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी लिहिलं, "सदर कलाकृती परदेशी संस्थेकडून कर्जाऊ स्वरूपात प्राप्त होणार असून..." तीन आठवड्यांनी मुंबईहून उत्तर आलं. विचारणा अशी होती की परदेशी संस्थेकडून घेण्यात येणाऱ्या कर्जाचा व्याजदर काय, हप्ते किती आणि तारण कोणतं, ते कळवावे. मी ते पत्र तीनदा वाचलं. आमच्याकडे तिकीट आणि केर-फरशी दोन्ही सांभाळणाऱ्या मावशी आहेत, त्या माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "व्हय ओ बाई, कर्ज काढलासा? आन् ते बी गाईंवर?" मी म्हटलं, मावशी, तसं नाही. "मग तसं न्हाय म्हणून लिवायचं की! आमच्या दीराला बी असंच इचारलं हुतं, म्हशीच्या येळी." मला हसू येईना. शेवटची तारीख सोळा दिवसांवर होती. मी रागारागानं चार पानी खुलासा लिहायला घेतला, हस्तांतरण, अभिहस्तांकन, न जाणो काय काय. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यापेक्षा जास्त गुंतत गेलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. खरं सांगायचं तर तुमचं टेबल आठवलं. कचेरीच्या कुंपणाला लागून ते लोखंडी टेबल, वर ताडपत्री, टेबलावर मराठी टाइपरायटर, त्याचा "र" नेहमी अर्धाच उठायचा. मी शाळा सुटल्यावर डबा घेऊन येते, निळ्या फ्रॉकमध्ये, पांढरे मोजे धुळीनं भरलेले, आणि टेबलाच्या मागच्या बाकावर बसते. समोर एक शेतकरी बसलेला असतो, हातात कुणीतरी लिहून दिलेला कागद. तो वाचून दाखवतो, "माझ्या मिळकतीच्या हद्दीबाबत वाद उत्पन्न झाला असून..." तुम्ही हात वर करता. "पावणं, कागूद ऱ्हाऊ द्या बाजूला. घरात कारभारणीला काय सांगितलंसा?" तो गडबडतो. "घरात? घरात म्हटलं, भावानं बांध कोरला." "मग ते सांगा की!" आणि तुम्ही टाइप करता, "माझ्या भावाने बांध कोरला आहे." एवढंच. बाजूच्या टेबलावरचे तुमचे दोस्त हसायचे, यांचा अर्ज म्हणजे पोस्टकार्ड, म्हणायचे. पण तुमच्याकडचा माणूस त्याच कामासाठी दुसऱ्यांदा फारसा आलेला मी पाहिला नाही.

ते टेबल मला आवडायचं आणि त्याची लाजही वाटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं, हेही मला ठाऊक आहे. दरवर्षी शाळेचा फॉर्म यायचा. वडिलांचा व्यवसाय, या रकान्यात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायचे, गव्हर्न्मेंट सर्व्हिस. इतर मुलींचे वडील डॉक्टर होते, कारखानदार होते, एकीचे तर थेट त्याच कचेरीत आत बसायचे. तुम्ही कधी न वाचता सही केली नाहीत, बोट फिरवत प्रत्येक ओळ वाचायचात, इंग्रजीसुद्धा. पाचवीच्या फॉर्मवर तुमचं बोट त्या रकान्यावर थांबलं. मी स्टुलावर बसून पायातले मोजे वर ओढत राहिले. मग बोट पुढे सरकलं आणि तुम्ही सही केलीत. त्याऐवजी ओरडला असतात तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

ओरडलात ते भलत्याच गोष्टीवरून. होळीचा आदला दिवस, आई चुलीपुढे, हरभऱ्याची डाळ शिजून तयार. आपलं पुरणयंत्र मोडलेलं, म्हणून आईनं मला शेजारच्या काकूंकडे पिटाळलं. मी यंत्र घेऊन आले आणि उंबऱ्यातूनच, सिस्टरांनी वर्गात सकाळी शिकवलेलं ताजं ताजं मिरवत, म्हणाले, "आई, काकूंनी आपल्याला हे कर्जावर दिलंय." तुम्ही दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून वळलात. "काय म्हटलंस? कर्ज? त्या माउलीनं कर्ज दिलं तुला?" मी म्हटलं, लोन म्हणजे कर्जच. "इंग्रजीत आसंल. आपल्यात त्येला उसनं म्हंत्यात. कर्जात माणूस दबतंय. उसन्यात न्हाय. उद्या ती आपली परात घिऊन जाईल, तवा ती बी काय आपली कर्जदार व्हय? जा, त्यास्नी जाऊन सांग, उसनं न्हेलंय म्हणून." मी गेले. काकूंना काहीच कळलं नाही, त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. यंत्र परत द्यायला तुम्ही स्वतः गेलात. घासून, पुसून, वर पुरणपोळी ठेवून.

आबा, मी तो चार पानी खुलासा फाडला. स्वतःलाच विचारलं, बाई, घरात कसं सांगशील? आणि एका कागदावर लिहिलं, "आधीच्या अर्जात माझ्याकडून चुकीचा शब्द गेला. हे कर्ज नाही. हॉलंडच्या संग्रहालयाकडून नऊ चित्रे आम्ही प्रदर्शनासाठी तीन महिन्यांपुरती उसनी आणत आहोत. ती विकणार नाही, कोणाला देणार नाही, आणि मुदतीच्या आत जशीच्या तशी परत पोहोचवू. मंजुरी द्यावी, ही विनंती." खाली सही. अध्यक्षांनी वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, सरकारला असं लिहितात? शेजारणीला चिठ्ठी लिहिल्यासारखं?" मी म्हटलं, असंच लिहितात.

आठव्या दिवशी मुंबईहून फोन आला. बैठक चालू होती, पाच विश्वस्त आणि चहाचे कप. पलीकडच्या अधिकारी बाईंचा आवाज तरुण होता. "मॅडम, आधी कर्ज होतं, आता उसनं झालंय. नक्की काय समजायचं?" मी म्हणाले, "उसनंच. शेजारून पुरणयंत्र आणतो ना, तसं." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आमच्या सोलापूरला परात आणायचे. बरं, समजलं. आता कुणालाही समजेल. हा अर्ज लिहिला कोणी?" आणि आबा, मी उभी राहिले. फोनवर बोलताना उभं राहायचं काही कारण नव्हतं. "मीच लिहिला. माझे वडील कोल्हापुरात कचेरीच्या बाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. त्यांच्याकडून शिकले." सगळी खोली ऐकत होती. आवाज थोडाही खाली गेला नाही. खाली बसले तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं माझ्यापुढे चहा सरकवला. मंजुरीचा कागद शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी आला. मावशींनी तो देवापुढे ठेवायचा हट्ट धरला. संग्रहालयात देव नाही म्हटल्यावर तिकिटाच्या खिडकीत ठेवला.

आणि मग ती चित्रं आली. काय सांगू तुम्हाला! मला धास्ती होती की लोक म्हणतील, गाई बघायला पैसे कशाला मोजायचे, घरी आहेत. उलटंच झालं. ज्यांच्या घरी गाई होत्या तेच आले. जयसिंगपूरकडचं एक जोडपं पहिल्याच दिवशी आलं, दोघंही साठीच्या पुढची. आजोबा पहिल्याच चित्रापुढे थबकले. "अगं ए, हिकडं ये! ही तर आपली काळी-पांढरी एचएफ गाय!" आजींनी पदर खोचला आणि चित्राच्या जवळ गेल्या, बोट गाईच्या कासेकडे. मावशी धावल्या. "पावणं, हात लावू नगासा, उसनी हाय ती!" आजी जागच्या हलल्या नाहीत. निरखून निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, धार काढाय बसलीया ही. मग वासरू कुठं हाय? वासरू दावल्याबिगर हिनं पान्हा सोडलाच कसा?" पन्नास माणसं गोळा झाली, प्रत्येकाचं मत निराळं. कुणी म्हणालं, वासरू चित्राच्या बाहेर बांधलंय. कुणी म्हणालं, तिकडच्या गाईच बिनमायेच्या. आजोबा म्हणाले, "चित्र काढणाऱ्याला धारंतलं काय कळतंय!" मी तो प्रश्न इंग्रजीत लिहून हॉलंडला पाठवला. तिथल्या बाईंचं उत्तर आलं, की हे चित्र इतकी वर्षं आमच्याकडे आहे, पण असं आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, आता आम्हीही शोधतो आहोत. ते उत्तर मराठी करून मी चित्राशेजारी लावलं. लोक चित्राआधी ते वाचतात. साड्यांच्या सेलचं नाव आता कुणी काढत नाही. अध्यक्ष परवा विचारत होते, पुढच्या वर्षी कुणाकडून काय आणता येईल?

आज प्रदर्शनाचा शेवटचा आठवडा सुरू झाला. भिंती आता जरा उबदार दिसायला लागल्या होत्या. नियमाप्रमाणे चित्रं कोणत्या दिवशी परत निघतील ते मुंबईला कळवायचं आहे, त्याचा मसुदा सकाळपासून टेबलावर तयार आहे. चारच ओळी आहेत. सगळं बरोबर आहे, शब्द साधे आहेत, फक्त सही राहिली आहे. आजच पाठवीन असं मी अध्यक्षांना सांगितलं होतं, टपाल साडेचारला जातं. साडेपाच वाजून गेले आबा. मला काही अडचण आली नव्हती. सही केली की गाई निघाल्या, म्हणून मी मुद्दामच ते पत्र आजच्यापुरतं ठेवून दिलं आणि हे लिहीत बसले.