धनेशीणबाईची खिडकी

२ फेब्रुवारी

नाही हो, आमच्या बागेत ढोलीवालं झाड एकही नाही! — असं म्हणायचं. नजरेला नजर देऊन म्हणायचं आणि लगेच चहा विचारायचा. शेजारच्या मिशीवाल्या भावजींनी आज आमच्या अंगणात सगळ्यांची शाळा घेतली. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही हसता. हसलात की पकडले जाणार." म्हटलं, "मी तुमच्या मिशा बघून हसते, भावजी. त्याला सरकार काय करणार?"

प्रकरण असं. नवा नियम आलाय. धनेश पक्षी वाचवायचा. वाचवा की, कुणी नको म्हटलंय! पण हा पक्षी राहतो म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत. आणि म्हातारी झाडं उरलीत फक्त आमच्या जायफळाच्या बागांत, सावलीला ठेवलेली. वरचं जंगल ठेकेदारांनी कापून खाल्लं तेव्हा नियम घोरत होता. आता पक्षी खाली आला आणि त्याच्या मागोमाग नियमही आला. ज्या झाडात घरटं सापडेल त्याच्याभोवती मोठा गोल आखणार. पिल्लं उडून जाईपर्यंत गोलात माणसाने पाऊल टाकायचं नाही. तोडणी नाही, फवारणी नाही. आणि त्या धनेशीणबाईंच्या बाळंतपणाची वेळ नेमकी आमच्या तोडणीची!

भरपाई मिळेल म्हणे. कधी? मिळेल म्हणे.

आमची खरी बाग म्हणजे ओढ्याकाठचा तुकडा. वरचा तुकडा नुसता नावाला. ओढ्याकाठी गोल पडला तर आमचं वर्ष गेलं. चिरंजीव बातमी आल्यापासून नखं खातोय. एवढा बाप्या झाला, तरी हात तोंडातच.

४ फेब्रुवारी

पाहणीवाले यायच्या आत ढोल्या बुजवायच्या — भावजींची अक्कल. सगळी आळी कामाला लागलीय. आमच्याकडे चिखल-सिमेंट कालवून चिरंजीव शिडीवर, सूनबाई शिडी धरून, मी खाली उभी राहून सूचना करायला. "आई, तू घरी जा ना." नाही गेले.

सूनबाईला नर झाड दाखवलं. जायफळात नर वेगळा, मादी वेगळी. आमच्या तुकड्यात एवढ्या बायांत हा एकच बाप्या. फळ एक देत नाही, वर जागा सगळ्यात चांगली अडवून उभा. म्हटलं, "बघून घे, घरोघरी हेच." ती इतकी हसली की शिडी हलली आणि वरून चिरंजीव ओरडला, "मारून टाका मला दोघी मिळून!"

दिवस मावळायला आला तशी त्यांची घाई सुरू झाली. हे झाड झालं का, ते झालं का — त्यांनाच धड माहीत नव्हतं. मी स्वयंपाकाला परतले.

५ फेब्रुवारी

सकाळी एकटीच फेरी मारून आले. सासूने सुनेचं काम तपासायचं नाही तर कुणी!

बाकी ठीक. पण ओढ्याकाठचं सगळ्यात जुनं झाड — ढोली लिंपलेली आणि मधे उभी फट तशीच! बोट आरामात जाईल एवढी. याला म्हणतात बापाचा मुलगा. यांनीही आयुष्यात एक काम पुरं केलं नाही. भिंत रंगवली तर कपाटामागे जुनाच रंग. खिळा ठोकला तर अर्धा बाहेर. मेले तेवढे मात्र पुरते.

अर्धवट काम मला बघवत नाही. लहानपणापासूनची खोड. मास्तर म्हणायचे, ही मुलगी शेजारणीच्या पाटीवरचं गणितसुद्धा सोडवून टाकते.

घमेलं, थापी, शिडी सगळं तिथेच टाकून आलेत. घमेल्यावर ओलं फडकं तेवढं झाकलं होतं. एवढी अक्कल बहुतेक सूनबाईची.

जेवायला उशीर झाला.

६ फेब्रुवारी

कंबर धरली. सूनबाईने शेक दिला. "कशाने हो?" म्हणाली. म्हटलं, वयाने.

७ फेब्रुवारी

आले एकदाचे! एक दुर्बीणवाली पोरगी, उन्हाने नाक सोललेली, आणि एक टोपीवाला गार्ड, जो सारखा पायातले काटे काढत होता. बाग पालथी घातली. ढोली? नाही हो, एकही नाही. मी हसले नाही. गाल आतून चावून धरले होते.

काही सापडलं नाही. चिरंजीवाचा हात तोंडातून खाली आला.

मग पोरगी चहाला बसली. गोड आहे. मी विचारलं, "लग्न झालं का? की झाडावरच राहतेस?" ती हसली. म्हणाली, "आजी, लग्न करावं तर धनेशासारखं. मादी घरटं करते ना, तेव्हा ढोलीत शिरून आतून स्वतःला लिंपून घेते. चिखलाने, विष्ठेने. फक्त एक उभी फट ठेवते. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो. पिल्लं मोठी होईस्तोवर ती आत, तो बाहेर."

चिरंजीव म्हणाला, "आणि नर मेला तर?"

"तर अवघड आहे," म्हणाली.

आणि वर जंगलात जी जायफळाची रानटी झाडं आहेत ती म्हणे याच पक्ष्यांनी पेरलेली, फळं खाऊन बिया टाकत. म्हटलं, "म्हणजे आमचा जुना गडी. बिनपगारी!" सगळे हसले. मीही हसले. पण माझा चहा अर्धाच राहिला.

जन्म या झाडांखाली गेला आणि हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या लहानपणी हे पक्षी वर, पार डोंगरात. आवाज तेवढा यायचा.

संध्याकाळी ओढ्याकडे गेले. एक मोठ्या चोचीचा धनेश त्या झाडावर. चोचीत लाल फळ. खोडाला धरून टक टक करतो. उडतो. फिरून येतो. पुन्हा टक टक. फळ तसंच चोचीत.

मी घरी आले. पुन्हा गेले. पुन्हा आले. सूनबाई म्हणाली, "आई, पायाला चाकं लावलीत का?"

८ फेब्रुवारी

केलं.

उजाडताच चिरंजीवाची छिन्नी-हातोडी घेतली. कालवण नुसतं सिमेंटचं नव्हतं, चिखल होता निम्मा, म्हणून फुटलं. आधी कपचे पडले. मग एक भोक. मी तोंड जवळ नेलं, आत नुसता अंधार आणि घाण वास. म्हटलं, "बाई गं, आहेस का?"

चोच आली ती थेट माझ्या बोटावर! असलं चावली! मी शिडीवर उभी, बोटातून रक्त, आणि मी हसतेय खुळ्यासारखी. जिवंत आहे! चावते म्हणजे चांगली जिवंत आहे!

फट तिची होती तेवढीच मोकळी केली. उतरेस्तोवर धनेशराव हजर. मी बुंध्याआड झाले. त्यांनी फळ आत सरकवलं, दुसरं सरकवलं, गळ्यातून एकेक वर काढत होते, जादूगार रुमाल काढतो तसे.

घरी सांगितलं, सुरीने कापलं. सूनबाईने पट्टी बांधली. म्हणाली, "सुरीचे दात कधीपासून आले?" हुशार आहे.

खरं नाही सांगितलं. बोलले तर गोल पडतो. गोल पडला तर ओढ्याकाठचं सगळं फळ झाडावर उकलून खाली पडणार आणि तिथेच बुरशी धरणार. पोरगा या वर्षी माडीचं छप्पर नवं करणार होता.

९ फेब्रुवारी

एका जागी बसवत नाही. जायपत्री वाळत घातली, उचलली, पुन्हा घातली.

आमचे हे शेवटी अंथरुणावर होते तेव्हा मी चमच्याने भरवायची. चिडले की चमचा चावून धरायचे, सोडायचेच नाहीत. मी म्हणायची, "गिळा तोही!" आणि दोघं हसायचो. आज बोट ठणकतंय तर तेच आठवतंय.

११ फेब्रुवारी

धनेशराव सकाळपासून पाच खेपा. आमच्या चिरंजीवाने बायकोला एक कप पाणी दिलेलं मी पाहिलं नाही.

१३ फेब्रुवारी

दुर्बीणवाली परत आली. न सांगता. त्या दिवशी जाताना तिने चोचीत फळ धरलेला नर बघितला होता म्हणे, आणि तिला चैन पडेना. (तिलाही!) थेट ओढ्याकाठी गेली. झाडाखाली बिया, विष्ठा, सिमेंटचे कपचे. मान वर केली तर फट. फटीत चोचीचं टोक.

टोपीवाला कपचा हातात घेऊन म्हणाला, "हे कुणीतरी लिंपलं होतं. आणि मग कुणीतरी फोडलंय. लिंपणं गुन्हा आहे, कळतं का? आत जीव होता."

मी चिरंजीवाकडे बघितलं. ढोल्या त्यानेच बुजवल्या होत्या, घाईत, अंधार पडता पडता. सूनबाईने हळूच विचारलं, "आपण या झाडाकडे आलो होतो का हो?" तो म्हणाला, "आलो असू." मग मोठ्याने म्हणाला, "मीच. मीच लिंपली. आत कुणी असेल हे डोक्यातच आलं नाही."

मग माझ्याने राहवलं नाही. पट्टी सोडून बोट पुढे केलं. "आणि फोडली मी. ही बघा तिची सही!"

काय झालं म्हणून सांगू! पोरगी गळ्यात पडली. डोळे भरून आले तिचे. फोटो काढला — मी, माझं बोट, मागे झाड. म्हणाली, "आजी, स्वतःची बाग जाईल हे माहीत असून तुम्ही हे केलंत." टोपीवाल्याने टोपी काढली. त्याला टक्कल आहे.

संध्याकाळपर्यंत झाडांना पिवळे पट्टे बांधून झाले. गोलात ओढ्याकाठचा तुकडा सगळा. नर झाडसुद्धा. बसा आता बायांत एकटेच.

चिरंजीवाला सोमवारी कचेरीत बोलावलंय.

१४ फेब्रुवारी

भावजी कुंपणावरून गरजले. गोल त्यांच्या बागेतही शिरलाय. "वहिनी, तुम्हाला म्हटलं होतं हसू नका! तुम्ही तर वर जाऊन दार उघडलंत!" म्हटलं, "भावजी, तुमच्या बायकोला कुणी कोंडलं असतं तर तुम्ही टकटक केली असतीत की पत्ते खेळायला गेला असता?" सगळी आळी हसली. त्यांची मिशीही हलली जराशी. पण तरातरा आत गेले.

घरात मात्र कुणी हसत नाही. चिरंजीव ताटावरून उठला. मी म्हटलं, अरे, जिवंत आहे ती, खुशाल आहे. तर म्हणतो, "तू होतीस म्हणून. मी तिला जिवंत गाडली होती, आई. माझ्या हातांनी." आणि हात बघत बसला. नखं खात नाही आता. हात तोंडाजवळ नेतच नाही.

१५ फेब्रुवारी

बाजारात एका बाईने वाकून नमस्कार केला. पक्षीवाल्या आजी! मी भाजी न घेताच परत आले.

सूनबाई म्हणते, "तुमचा मुलगा रात्रभर कूस बदलतो." मी म्हटलं, लहानपणीही तसाच होता. खोटं आहे. लहानपणी ओंडक्यासारखा झोपायचा.

१६ फेब्रुवारी

गोलातली फळं उकलायला लागलीत. कुंपणाबाहेरून दिसतात, लाल जायपत्री, आणि कुणी तोडत नाही. पडल्याचा आवाज येतो. धप. थोड्या वेळाने पुन्हा धप. चिरंजीव पायरीवर बसून ऐकत होता. मी जवळ जाऊन बसले. तोंड उघडलं. म्हटलं, "चहा घेतोस?"

सोमवार

तो दारात बूट घालतोय. कचेरीत जाऊन 'मीच' म्हणणार. एवढं लिहिते आणि त्याला थांबवते.

त्या झाडाला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. बाकीचं लिंपण धनेशीणबाईने तिचं तिने केलं होतं. मला वाटलं याचं काम अर्धवट राहिलंय, म्हणून शिडी लावून ती फट मी बुजवली, त्याच्याच थापीने, दोनदा हात फिरवून, गुळगुळीत. आणि पहिला थर दिला तेव्हा आतून टकटक आली होती. ऐकली मी. म्हटलं, ओढ्याकाठची बाग जाईल — आणि दुसरा थर दिला.