शहिदाचा भाऊ

जयराम भाऊजी,

‘जयभीम’ लिहायला हात धजत नाही.

नळाच्या नंबरावरून तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत सख्ख्या भावाच्या डोक्यात हंडा घातलात आणि इगतपुरीला पळालात. माझा नवरा गेला. वस्ती म्हणते, विद्यापीठाच्या नामांतराच्या रागानं वरच्या आळीतल्या गोरक्षनं मारलं. अहो, त्यानंच यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं! आता तो कोठडीत. मी ओरडून सांगते, तर म्हणतात, “चळवळीचं नुकसान करू नका.”

नामांतरावरून आपल्या माणसांना मारतातच की! पण हे खोटं खपलं, तर उद्या खरंच कुणी मारला गेला की कोण विश्वास ठेवील?

रविवारी शोकसभा आहे. शहिदाचा भाऊ म्हणून फोटोला हार तुम्हीच घालणार. हे पत्र टाकलं तर तुम्ही येणारच नाही, म्हणून टाकत नाही.

या, हार घाला. तुमच्यानंतर मी बोलणार आहे.

तुमची वहिनी,
धोंडाबाई